पंचमीचे निंदण

माझी मोठी बहीण गेली तेव्हा तिचे वय काय होते, हे मला नक्की सांगता येत नाही. दवाखान्याच्या कागदावर मी चाळीस लिहिले. ती माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठी होती, एवढेच आम्हा दोघांना ठाऊक होते. मी तिला बाई म्हणत असे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. आई मी चार वर्षांचा असताना वारली आणि वडील त्यानंतर दोन पावसाळ्यांनी. बाईचा नवरा लग्नानंतर वर्षभरात गेला आणि ती परत आली. ती माझ्यासाठी परत आली, असे वस्तीतली माणसे म्हणत. तिने स्वतः तसे कधी म्हटले नाही.

तिच्या मरणाविषयी मला फारसे लिहायचे नाही. लिहायचे आहे ते तिच्या वर्षातल्या एका दिवसाविषयी. तो दिवस तिचा होता आणि मी तो एका शब्दात देऊन टाकला.

आमचे गाव अमरावतीहून बैलगाडीने दोन-अडीच तासांवर. सगळी काळी जमीन. वस्ती गावाच्या बाहेर, नाल्याच्या अलीकडे. आम्हाला स्वतःचे वावर नव्हते, म्हणून बाई दुसऱ्यांच्या वावरात रोजाने जाई. पावसाळ्यात खुरप्याने तण काढायचे निंदण, मग ज्वारीची सोंगणी, मग कापूस वेचणे, उन्हाळ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटणे. घरी आल्यावर दळण, पाणी, भाकरी. ती बसलेली मला आठवते ती फक्त चुलीपाशी, आणि चुलीपाशी बसणे हे काही बसणे नव्हे. लहानपणी मला वाटे की तिची पाठ जन्मतःच वाकलेली आहे.

वर्षातून एक दिवस ती पाठ सरळ होई. तो नागपंचमीचा. त्या दिवशी जमिनीत लोखंड घालायचे नाही, काही कापायचे-चिरायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, असा साऱ्या मुलखाचा नेम होता. पाटलाच्या वावरातही कोणी खुरपे लावत नसे. म्हणजे त्या दिवशी कामच नसे, आणि काम नाही म्हणून कोणाला लाजही नसे. पोळ्याला बायकांना स्वयंपाक असतो, दिवाळीला सारवण असते. पंचमीला काहीच नसे. आदल्या दिवशी शिजवून ठेवलेले खायचे आणि झोके घ्यायचे.

वस्तीत एकाच घरी गाडी होती. त्या गाडीवर कडबा आवळायचा दोर बाया सकाळीच मागून आणत. नाल्याकाठी एक मोठा कडुनिंब होता. त्यावर चढून दोर बांधायचे काम बाईचे. एरवी जी खाली पाहत चाले, ती लुगड्याचा काचा मारून खारीसारखी वर जाई. मग दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवीत. खेळ असा होता की झोका वर गेला की शेंड्याकडचा पाला दातांनी तोडून आणायचा. हात सोडायचा नाही. बाई दर खेपेला पाला आणी. खाली उतरल्यावर तो कडू पाला थुंकून टाकून ती हसे, आणि तिचे दात हिरवे झालेले असत. ते हसणे वर्षातून एकदाच दिसे, म्हणून मी त्या दिवशी पुस्तक घेऊन का होईना, पण झाडाखाली बसत असे.

छप्पन साली दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. बाईने भाकरी बांधून घेतल्या होत्या. दोन दिवस ती त्या अफाट गर्दीत पाय दुमडून बसली. परत आल्यावर देवांचे टाक तिने स्वतः फडक्यात बांधले आणि नाल्याला पाणी होते तिथे नेऊन सोडले. मी बरोबर होतो. मागे वळताना ती म्हणाली, "बाबू, हलकं वाटून राह्यलं रे." हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचे वाचून कोणाला वाटेल की तिला जुने सोडायचे नव्हते. तसे नव्हते. देवांसाठी तिने कधी मान वळवली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी मॅट्रिक झालो. वस्तीतला पहिलाच. अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मी वाचलेली पुस्तके आणि ऐकलेली भाषणे माझ्या अंगात भरली होती. कोणी अंगारा लावलेला दिसला की मी त्याला उभा करून समजावत असे. माणसे माझे ऐकत. वयाच्या अठराव्या वर्षी आपले ऐकले जाते, ही गोष्ट चांगली नव्हे.

त्या श्रावणात आठ दिवस सारखा पाऊस लागला आणि पंचमीच्या आदल्या दिवशी उघडला. पंचमीच्या सकाळी पाटील वस्तीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. ते कधी आत येत नसत. चार-पाच म्हातारी माणसे पुढे झाली. मीही गेलो. पलीकडे बाई कडुनिंबावर होती. दोराची एक गाठ मारून झाली होती.

"काहो," पाटील म्हणाले, "तुमी लोकं आता पंचमी पाळत नाही म्हंते?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. एक जण म्हणाला, "पाळत तं नाही पाटील, पन..."

"पन काय? गवतानं पऱ्हाटी दिसून नाही राह्यली. पुन्हा पानी लागलं तं गेली हातची. आमच्या बाया आज खुरप्याले हात लावत नाही. तुमाले तं चालते ना?"

कोणी बोलेना. त्या गप्प राहण्यात काय होते ते आज मला कळते. नागाची भीती कोणालाच नव्हती. नाही म्हणायला कारण सापडत नव्हते. देव गेला होता आणि त्याच्याबरोबर "नाही" म्हणायची सोयही गेली होती. पण मला ती शांतता भित्री वाटली. मला वाटले, ही माणसे अजून मनातून नागाला मानतात.

मी म्हणालो, "चालते. आम्ही नाग-साप काही मानत नाही. येतील आमच्या बाया."

पाटील माझ्याकडे पाहून हसले. "वा! शिकल्या पोराचं बोलनं कसं सरळ असते पाहा." तोवर त्यांनी मला कधी "अबे"शिवाय हाक मारली नव्हती. त्या एका वाक्याचा आनंद मला दोन दिवस पुरला.

झाडावरून बाईने विचारले, "बाबू, दोर सोडू का राहू देऊ?"

"सोड. तो पंचमीचाच झोका ना."

तिने गाठ सोडली. दोर खाली पडला. मग ती उतरली, घरात गेली आणि खुरपे घेऊन बाहेर आली. वस्तीतल्या बारा-तेरा बाया तिच्या मागे निघाल्या. मी तिच्याकडे पाहिलेही नसावे, कारण मी म्हाताऱ्यांशी वाद घालत होतो.

संध्याकाळी बाया परतल्या तेव्हा शेजारची म्हातारी दारात उभी राहून एकेकीच्या पायांकडे पाहत होती. "कोनाले काही चावलं तं नाही?" तिने विचारले.

"कोणालाच नाही," मी विजयाने सांगितले.

खरेच काही झाले नव्हते. साप निघाला नाही, कोणाच्या हाताला खुरपे लागले नाही, रात्री कोणाला ताप आला नाही. काही झाले असते तर ती चूक एका दिवसात संपली असती. काही झाले नाही म्हणून ती नऊ वर्षे चालली.

कारण त्याच श्रावणाच्या शेवटी पोळ्याला दुसऱ्या एका घरचे बोलावणे आले. गुरांना त्या दिवशी जुंपत नाहीत, पण वैरण तर लागते. वैरण आणायला आमच्या बाया. मग संक्रांतीला कापूस वेचायला. मग अखाजीला, अक्षय्य तृतीयेला. ज्या दिवशी गाव बसे, त्या दिवशी वस्ती उभी राही. मजुरी तीच, एरवीचीच. "तुमाले चालते ना" हे विचारणेही मग थांबले. गावात आमच्या बायांना नावच पडले, सणाच्या बाया. एका पंचमीला शेताच्या बांधाने चाललेल्या आमच्या बायांना पाहून रस्त्यावरच्या झोक्यावरून कोणीतरी पोरगी ओरडली होती, "आमी झोक्यावर, तुमी धुऱ्यावर!" आणि सगळ्या हसल्या होत्या. बाईने ते मला सांगितले तेव्हा तीही हसली होती. पोळ्याच्या दिवशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन येताना पाटलाचे सजवलेले बैल समोरून आले, तर ती सोबतिणींना म्हणाली, "बाजूनं व्हा वो बायांनो, सुट्टीवरचे मानसं येऊन राह्यले." हे वाक्य वस्तीत कितीतरी दिवस फिरत होते. मीही ते सांगून अमरावतीला मित्रांना हसवले.

दीक्षेने आमची सुट्टी नेली, असा याचा अर्थ कोणी काढू नये. वैशाखी पौर्णिमेला वस्तीत कोणी कामावर जात नसे. पांढरी वस्त्रे घालून सगळे जमत, आणि त्या दिवशी बोलवायला येण्याची हिंमत पाटलालाही झाली नाही. दुसऱ्या गावांत तर आमच्या लोकांनी पंचमीला सरळ सांगितले, आज आमच्या बायाही येणार नाहीत. कारण विचारले तर म्हणाले, कारण नाही. एवढे सोपे होते ते. ते मला सुचले नाही, कारण माझ्या लेखी कारणाशिवाय बसून राहणे हा आळस होता आणि खेळणे हे बालिश. जुना अर्थ काढून टाकल्यावर त्या दिवसात काही उरते, हे मला दिसले नाही. झोका उरला होता.

मी अमरावतीला चार वर्षे होतो. एकदा गावी गेलो असताना बाईने विचारले, "कालेजात खेळाले भेटते काय?"

"मैदान आहे. मला वेळ कुठे?"

"मंग कायले शिकून राह्यला?" ती म्हणाली. मला वाटले, तिला शिक्षण कळत नाही.

एकसष्ट साली मला अकोल्याला एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. बाईला घेऊन आलो. एका वाड्याच्या कडेला दोन खोल्या, मधे अंगण, अंगणात कडुनिंब. घरमालकीण शेतकरी घरातली, नवऱ्यामागे एकटी राहणारी, फटकळ पण मनाने बरी होती. मी बाईला म्हणालो, "आता बस झाले. आता आराम कर."

ती पंधरा दिवस घरी राहिली. भांडी दोनदा घासली, अंगण तीनदा झाडले. दुपारी आडवी हो म्हटले तर भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून बसे. सोळाव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती नव्हती. दिवेलागणीला आली तेव्हा तिच्या केसांवर, भुवयांवर पांढरा कापूस होता. कापसाचा हंगाम सुरू झाला होता आणि ती जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, लागली होती.

"काहून गेली?" मी चिडून विचारले. चिडलो की माझ्या तोंडी घरची बोली येत असे.

"घरी हात दुखते रे, बाबू. कामावर नाही दुखत."

जिनात आठवड्यातून एक दिवस सुट्टी असे. पहिले एक-दोन हंगाम काही जाणवले नाही. मग असे होऊ लागले की सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी यायची तेव्हा तिचा श्वास लागलेला असे, छाती आवळल्यासारखी होई. त्यापुढच्या दिवशी थोडे बरे. आठवड्याच्या शेवटी काहीच नाही. पुन्हा सुट्टी, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. यावरून बाईने निष्कर्ष काढला. ती म्हणाली, "मले आराम मानवत नाही. सुट्टी घेतली का छाती भरते." आणि ती सुट्टीच्या दिवशीही बदली कामावर जाऊ लागली. मला ते पटले. मी पदवीधर माणूस. तिच्या सांगण्यात मला तर्क दिसला आणि मी तो तपासला नाही. पुढे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले की कापसाची बारीक धूळ छातीत जाते. एक दिवस बाहेर राहिले की फुप्फुस जरा सैल होते आणि परत गेल्यावर पहिल्या दिवशी ते पुन्हा आवळते. म्हणजे सुट्टीचा तो एक दिवसच काय तो तिच्या बाजूचा होता. "यांना पूर्ण विश्रांती हवी," डॉक्टर म्हणाले. बाईने मला बाहेर आल्यावर विचारले, "इश्रांती म्हंजे किती दिवस?"

पासष्टच्या सुमारास तिने जीन सोडले. सोडले म्हणजे तिला जमेना. तरी पावसाळ्यात शहराबाहेरच्या मळ्यांवर निंदायला जाई. बसून करायचे काम आहे, म्हणे.

त्यानंतरच्या श्रावणातली गोष्ट. पंचमीचा दिवस होता आणि कचेरीला सुट्टी होती. सकाळी बायांना कामावर नेणारा मुकादम दाराशी आला. "बाई, चला. आज बाया भेटून नाही राह्यल्या. तुमाले तं चालते."

बाई उठून खुरपे शोधू लागली. उठताना तिने दाराची चौकट धरली आणि क्षणभर श्वासासाठी थांबली. मी पाठमोरा दाढी करत होतो. आरशात मला ती थांबलेली दिसली.

मी बाहेर येऊन म्हणालो, "नाही चालत. आमच्याकडे आज सुट्टी आहे."

"कायची?" मुकादम म्हणाला. "तुमी तं मानत नाही ना?"

"कशाची नाही. नुसती सुट्टी."

तो खांदे उडवून गेला. मला वाटले, मी काहीतरी फेडले. मागे वळलो तर बाई माझ्याकडे पाहत होती. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे तसे पाहिले नव्हते.

"तवाबी तूच बोलला," ती म्हणाली. "आताबी तूच बोलून राह्यला. मले इचारलं काय कोनी?"

ती खाली बसली. बोलताना तिला दम लागत होता, म्हणून तिचे बोलणे तुटक होते, पण ते तिने थांबवले नाही.

"त्या नागाचं मले काय करायचं होतं? त्याले म्या कधी दूध पाजलं? मले झोका पायजे होता. एक गाठ मारून झालती. तू म्हने सोड."

"मला कळले नाही, बाई."

"तुले पुस्तकातलं सारं कळते."

मी विचारले, "आज बांधू?"

तिने अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहिले. मी बाजारात जाऊन काथ्याचा दोर आणला. घरमालकीण ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "तुमचा तं हा सन नाही ना, भाऊ?"

"नाही, मावशी. सण नाही. झोका आहे."

तिने थोडा विचार केला. "मंग त्या जाड फांदीले बांधजा. बारीक मोडते." मी कधी झाडावर चढलो नव्हतो. शिडी लावून, दोनदा सालपट खरचटून गाठ मारली. बाई खालून सांगत होती, "उलटी मारली. सोड. पुन्हा मार." बसायला पाट ठेवला, कारण उभे राहणे आता तिच्याने होणार नव्हते.

ती बसली. मी मागे जाऊन हात लावला तशी म्हणाली, "ढकलू नको. हवा लागली का खोकला येते." तेव्हा ती नुसती बसून राहिली. पाय जमिनीला टेकलेले. पायाच्या अंगठ्याने ती कधी झोका चार बोटे मागे नेई आणि सोडून देई. एवढाच. वर पाला खूप उंच होता. तिने एकदा वर पाहिले आणि मग पाहिले नाही. घरमालकिणीने आदल्या दिवशीचे कानवले आणून दिले, त्यातला एक तिने खाल्ला. दुपारभर ती तिथे होती. मी ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो आणि एक पानही वाचले नाही. ऊन उतरल्यावर ती म्हणाली, "झालं. सोड आता दोर, बाबू. पावसानं सडंन."

मी तो सोडला नाही. म्हणालो, राहू दे, उद्या बस. उद्या ती बसली नाही. नंतरही नाही. ती म्हणे, उद्याचा झोका नसते. कापसाच्या गाड्या जिनापुढे रांगेने लागू लागल्या त्या दिवसांत ती गेली, सकाळी, चहा ठेवायला उठली असताना.

दोर त्या पावसात सडला, तिने म्हटले होते तसाच. पुढच्या उन्हाळ्यात घरमालकिणीने तो काढून टाकला.

मी पुढे दुसऱ्या गावी बदलून गेलो. तेव्हापासून श्रावणातल्या त्या दिवशी मी काम करत नाही. कचेरी उघडी असली तर किरकोळ रजा टाकत असे. आपण हा दिवस का पाळतो असे मुलांनी विचारले, तेव्हा त्यांना आत्याविषयी सांगितले. त्यांना झोका बांधून दिला. गाठ आता मला येते.

पण स्वतः बसणे मला जमलेले नाही. सकाळ बरी जाते. दुपारी चारच्या सुमारास मनात हुरहुर सुरू होते, काहीतरी राहिले आहे, कोणीतरी बोलवायला येईल. मी उठत नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहतो. हात दुखतात.